सेन्सर गप्प झाला की घराने ओरडायला हवं : वाचकांचे प्रश्न

जॅमरबद्दल एवढी पत्रं आली आहेत की यावेळी दुसरा विषय घेतलाच नाही, सगळी जागा यालाच दिलीये. पत्रं थोडी कापून छापली आहेत, विचारलेलं मात्र तसंच ठेवलंय.

प्रश्न : आमच्याकडे दारं-खिडक्यांना वायरलेस सेन्सर आहेत, दोन वायफाय कॅमेरे आणि एक व्हिडिओ डोअरबेल. मोबाईलवर सारखे व्हिडिओ येतायत की चोर खिशात जॅमर घेऊन येतो आणि सगळी सिस्टीम बंद पाडतो. हे खरंच होतं का? होत असेल तर आमचा खर्च वायाच गेला म्हणायचा का?

उत्तर : होतं, खरं आहे, पण व्हिडिओत दाखवतात तेवढं सोपं नाही. आधी जॅमर नेमकं करतो काय ते बघा. दारावरचा सेन्सर एका छोट्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतो, म्हणजे त्याचा आवाज मुळातच बारीक, दार उघडलं की तो हबला, म्हणजे सगळ्या सेन्सरांचं ऐकून अलार्म वाजवणाऱ्या मधल्या डब्याला, एक छोटासा मेसेज टाकतो आणि परत झोपतो. जॅमर त्याच फ्रिक्वेन्सीवर नुसता गोंगाट करतो, कानात कुजबुजणाऱ्या माणसाशेजारी कुणी भोंगा लावावा तसं, आणि हबला सेन्सरचा मेसेज ऐकूच येत नाही. बस्स एवढंच. तो पासवर्ड फोडत नाही, कॅमेरा खराब करत नाही, आधी झालेलं रेकॉर्डिंग पुसत नाही, कुलूप तर नाहीच उघडत, आणि गोंगाट थांबला की मेसेज परत जायला लागतात.

शिवाय घरातली सगळी उपकरणं एकाच फ्रिक्वेन्सीवर नसतात. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, झिगबी (छोट्या स्मार्ट उपकरणांचं वेगळं वायरलेस) २.४ वर, अलार्मचे सेन्सर बरेचदा ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत ३१५, ३४५ वगैरे, आणि सिमवाला हब मोबाईलच्या बँडवर. हे सगळं एकदम दाबायचं तर बऱ्याच अँटेनांचं यंत्र लागतं आणि खिशात मावणाऱ्या यंत्राची ताकदही बेताची असते, बॅटरीही बेताचीच. त्यामुळे घरातल्या गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी बोलत असतील तर तेवढ्यानेच चोराचं काम अवघड होतं.

आता खरी काळजीची गोष्ट सांगतो. गोंगाट सुरू झाल्यावर तुमची सिस्टीम काय करते, सगळं तिथे अडतं. २०१६ च्या जानेवारीत रॅपिड७ या सायबर सुरक्षा कंपनीने अमेरिकेतल्या एका मोठ्या होम सिक्युरिटी सिस्टीमबद्दल जाहीर केलं होतं की सेन्सर आणि हबमधला रेडिओ संपर्क तोडला तरी ती ‘सगळी दारं बंद आहेत, सगळं ठीक आहे’ असंच दाखवत राहते, दार सताड उघडं असलं तरी, आणि गोंगाट थांबल्यावरही सेन्सर परत जोडला जायला काही मिनिटांपासून पार ३ तासांपर्यंत वेळ लागत होता. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं कारण माणूस सिस्टीम घेतो ती निर्धास्त झोपण्यासाठी आणि इथे सिस्टीमच त्याला खोटं सांगत होती.

तर खर्च वाया गेलाय की नाही हे ठरवायला हबच्या सेटिंगमध्ये जा. सुपरव्हिजन किंवा हार्टबीट असं काही दिसतंय का बघा, म्हणजे दार उघडो न उघडो, सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतो आणि ते कळवणं चुकलं की हब बोंब मारतो. हा ठरावीक वेळ किती हे फार महत्त्वाचं आहे, चांगल्या सिस्टीममध्ये तो एखाद-दोन मिनिटांवर आणता येतो आणि स्वस्त सिस्टीममध्ये तो कित्येक तासांचा असतो, तोपर्यंत चोर येऊन जाऊन घरी पोचलेला असेल. मग जॅमिंग डिटेक्शन हा पर्याय शोधा, तो पुष्कळ पॅनेलमध्ये, म्हणजे अलार्मच्या हबमध्ये, असतो पण कंपनीकडून बंद करून आलेला असतो आणि लावणारा माणूसही चालू करत नाही, कारण खोटे अलर्ट आले की त्यालाच फोन येतात. काही पॅनेलमध्ये तिथे ‘३०/६०’ असा आकडा दिसेल, म्हणजे कुठल्याही ६० सेकंदांत मिळून ३० सेकंद गोंगाट असला तर अलर्ट, युरोपच्या ईएन ५०१३१ स्टँडर्डमधून आलेली ही पद्धत आहे. यातून थोड्या वेळाचा गोंगाट निसटू शकतो हे मान्य, म्हणून दोन्ही पर्याय चालू हवेत.

आणि सेन्सर दुतर्फी आहे की एकतर्फी तेही विचारा. एकतर्फी सेन्सर मेसेज फेकतो आणि मोकळा होतो, पोचला की नाही त्याला पत्ताच नसतो. दुतर्फी असेल तर हबकडून पोच येईपर्यंत तो परत परत पाठवत राहतो, काही तर फ्रिक्वेन्सी बदलून पाठवतात. नवीन घेणार असाल तर मी तरी एकतर्फी घेऊ नका असंच सांगेन.

प्रश्न : सिस्टीम टेस्ट करायला एक छोटा जॅमर ऑनलाइन मागवायचा विचार आहे. फक्त स्वतःच्या घरात, दोन मिनिटं. चालेल ना?

उत्तर : नाही. बहुतेक देशांत जॅमर वापरणं गुन्हा आहे, बऱ्याच ठिकाणी विकणं आणि आयात करणंही, आणि ‘माझ्याच घरात’ हे कारण चालत नाही कारण रेडिओ भिंत ओळखत नाही. शेजाऱ्याच्या घरातून कुणी त्याच वेळी ॲम्ब्युलन्सला फोन लावत असेल तर? अमेरिकेत एका ड्रायव्हरने कंपनीला आपली गाडी कुठे आहे ते कळू नये म्हणून गाडीत जीपीएस जॅमर लावला होता, छोटासाच, आणि तो न्यूअर्क विमानतळाजवळून गेला की तिथल्या विमानं उतरवण्यासाठी बसवत असलेल्या सॅटेलाइट यंत्रणेत गडबड व्हायची. तिथल्या एफसीसी या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये त्याच्यावर जवळपास ३२ हजार डॉलर दंडाची कारवाई केली. त्याला विमानाशी काही घेणंदेणं नव्हतं, पण सिग्नल पोचायचा तिथे पोचला.

टेस्ट जॅमरशिवाय होते आणि चांगली होते. आधी सिस्टीम टेस्ट मोडवर टाका आणि मॉनिटरिंग सेवा असेल तर त्यांना कळवा. मग सिस्टीम आर्म (पहाऱ्यावर चालू) करायच्या आधी एक दाराचा सेन्सर, मॅग्नेटसकट, काढून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये तीन-चार थर नीट गुंडाळा, कडा दुमडून, फट ठेवू नका. झाकण उघडून बॅटरी काढू नका, कारण त्याने टॅम्परचा, म्हणजे सेन्सरशी कुणी छेडछाड केल्याचा, अलार्म वाजेल आणि तुम्हाला वाटेल सिस्टीम किती हुशार आहे. आता घड्याळ लावून बसा. किती वेळाने हब म्हणतो की हा सेन्सर ऐकू येत नाहीये? नुसतं ॲपच्या आत कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ऑफलाइन’ येतं, का फोनवर नोटिफिकेशन येतं, का सायरन वाजतो? घरात कुणी नसताना आणि असताना वेगळं होतं का? फॉइलमधूनही सिग्नल निसटत असेल तर सेन्सर हबपासून पार लांब, रेंजच्या बाहेर नेऊन ठेवा, निकाल तोच.

नंतर राउटरचं वायफाय बंद करा आणि कॅमेऱ्यासमोरून चालत जा. पाच मिनिटांनी वायफाय चालू करा आणि रेकॉर्डिंग बघा. तुम्ही चाललेलं त्यात आहे का? नसेल तर त्या कॅमेऱ्याचं सगळं क्लाउडवर आहे, लिंक गेली की तो आंधळा.

प्रश्न : गेल्या महिन्यापासून एक कॅमेरा अधूनमधून ऑफलाइन जातो, बहुतेक संध्याकाळी. पाच-दहा मिनिटांत परत येतो. कुणी आमच्या घरावर जॅमर वापरून बघतंय असं वाटायला लागलंय आणि झोप लागत नाही.

उत्तर : आधी शांत व्हा, कारण रोज संध्याकाळी एकच कॅमेरा जाणं हे जॅमरचं लक्षण नाही. जॅमर आला तर त्या बँडवरचं जवळपासचं सगळंच एकदम आडवं होतं, तुमचा लॅपटॉप, टीव्ही, दुसरा कॅमेरा, सगळं. एकच उपकरण जात असेल तर दोष बहुतेक त्याच्याजवळच असतो. संध्याकाळी काय काय चालू असतं ते बघा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे अगदी वायफायच्या शेजेला, आणि कॅमेरा व राउटरच्या मध्ये तो आला की लिंक तुटते. संध्याकाळी आजूबाजूची सगळी घरं वायफायवर असतात, तीही गर्दी. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि केबलसुद्धा २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात हे पुष्कळांना माहीतच नसतं, झिगबीचा डोंगल थेट यूएसबी ३ पोर्टमध्ये खुपसलेला असेल तर तो एका एक्स्टेंशन केबलवर हातभर लांब न्या, कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

कॅमेरा ५ गिगाहर्ट्झवर असेल तर अजून एक कारण असतं. ५ मधले काही चॅनेल, ५२ पासून १४४ पर्यंतचे, रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला तो चॅनेल सोडावाच लागतो आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर निदान मिनिटभर आधी गप्प बसून ऐकावं लागतं. तेवढ्यात कॅमेरा पडतो. राउटरमध्ये ३६ ते ४८ मधला चॅनेल फिक्स करून आठवडाभर बघा, आणि कॅमेरा कधी गेला, तेव्हा घरात काय चालू होतं, बाकी काय काय बंद पडलं हे कागदावर लिहून ठेवा, भीती वाटण्याऐवजी हातात काहीतरी येईल.

पण एक प्रकार असा आहे ज्यात एकच कॅमेरा पाडता येतो, तोही सांगायला हवा. त्याला डीऑथ अटॅक म्हणतात. यात गोंगाट करावा लागत नाही, हल्लेखोर तुमच्या राउटरच्या नावाने कॅमेऱ्याला ‘कनेक्शन तोड’ असा खोटा मेसेज पाठवतो आणि जुन्या वायफायमध्ये हे मेसेज खरे का खोटे तपासायची सोयच नव्हती, त्यामुळे कॅमेरा बिचारा ऐकतो आणि तुटतो. अमेरिकेतल्या एका हॉटेलने पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट याच पद्धतीने तोडले होते, त्यासाठी २०१४ मध्ये ६ लाख डॉलर भरावे लागले, म्हणजे हे काही नवीन नाही. आणि यावर खरंच इलाज आहे, म्हणून मी हे जास्त आवर्जून सांगतोय. २००९ मध्येच वायफायमध्ये हे मेसेज सुरक्षित करायची सोय आली, प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स, राउटरच्या सेटिंगमध्ये पीएमएफ म्हणून दिसेल, आणि २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ती सक्तीची आहे. राउटर आणि कॅमेरा दोघांनाही ती यायला लागते, कॅमेरा जुना असेल तर पीएमएफ ‘रिक्वायर्ड’ केल्यावर तो जोडलाच जाणार नाही. तसं झालं तर कॅमेरा बदलायची वेळ आली असं समजा. गोंगाटवाल्या जॅमरवर मात्र पीएमएफचा उपयोग शून्य, या दोन गोष्टींची गल्लत विकणारे लोक फार करतात.

प्रश्न : घर भाड्याचं आहे, भिंतीला भोकं पाडता येत नाहीत. सगळे म्हणतात वायर टाका. आम्ही काय करायचं?

उत्तर : सगळे बरोबरच म्हणतायत, वायरवर जॅमर चालत नाही, पीओई कॅमेरा घेतला तर एकाच लॅन केबलमधून वीज आणि व्हिडिओ दोन्ही जातात, १०० मीटरपर्यंत. पण सगळं घर वायरवर न्यायची गरज नाही. दोन गोष्टी वायरवर आणल्या तरी पुष्कळ आहे.

पहिली, हब. तो वायफायवर चालत असेल तर ते बंद करून लॅन केबलने राउटरला जोडा, यात भोक पाडायचा प्रश्नच नाही. दुसरी, मुख्य दाराकडे बघणारा एक कॅमेरा, घराच्या आतून. चपटी लॅन केबल मिळते, ती दाराच्या चौकटीच्या कडेने किंवा गालिच्याखालून जाते आणि घर सोडताना काढता येते. तेही जमत नसेल तर विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर बघा, वायरिंग जुनं असेल तर ते कुरकुर करतात, पण कॅमेऱ्यापुरता वेग बहुतेक मिळतो.

बाकीच्या वायफाय कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाका आणि रेकॉर्डिंग ‘सतत’ वर ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो कारण इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही. लिंक तुटली तरी कॅमेरा स्वतःच्या पोटात रेकॉर्ड करत राहतो, चोराला वाटतं बंद पडलाय आणि त्याचा चेहरा कार्डावर असतो. फक्त कॅमेरा हात पोचणार नाही असा लावा नाहीतर तो कार्डासकट जाईल. बॅटरीवाले कॅमेरे आणि बॅटरीवाल्या डोअरबेल इथे कमी पडतात, हालचाल झाली की त्या जाग्या होतात आणि थेट क्लाउडला पाठवायला बघतात, पुष्कळ मॉडेलमध्ये आत साठवायची सोयच नसते. घेताना हे विचारून घ्या.

आणि हबची जागा बदला. बऱ्याच घरांत हब दाराशेजारी लावलेला दिसतो, कारण तिथे प्लग असतो. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर सिग्नलची ताकद पावपट होते, भिंती आल्या की आणखी कमी, आणि हा नियम चोराच्या जॅमरलाही लागू आहे. म्हणून हब घराच्या मधोमध ठेवा, बाहेरच्या भिंतींपासून लांब, सेन्सरांच्या बऱ्यापैकी जवळ. जॅमरचा गोंगाट तिथे पोचेपर्यंत थकतो आणि सेन्सरचा आवाज जवळून येतो.

प्रश्न : सिमकार्डवाला हब घेतलाय. आता तरी निर्धास्त राहू ना?

उत्तर : पूर्ण नाही. ४जी पण रेडिओच आहे, तेही दाबता येतं. सिमचा खरा फायदा कुणी इंटरनेटची केबल कापली तर. तुम्हाला दोन्ही वाटा हव्यात, केबलचं इंटरनेट आणि सिम, आणि राउटर, फायबरचा मोडेम, हब तिघंही यूपीएसवर, नाहीतर मेन स्विच पाडला की खेळ खलास. शिवाय पलीकडच्या सर्व्हरला हब सारखा हजेरी देतो का आणि हजेरी चुकली तर किती वेळात तुम्हाला कळवतात ते कंपनीला विचारा. हब स्वतः कोंडला गेला तर तो मदत मागूच शकत नाही, तेव्हा बाहेरच्या कुणाच्या तरी ते लक्षात यायला पाहिजे.

प्रश्न : ‘अँटी-जॅमर’ नावाचं यंत्र मिळतं, प्लगला लावलं की घर सुरक्षित. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. प्लगला लावून दुसऱ्याचा गोंगाट पुसून टाकणारं यंत्र नसतं. जॅमिंग ओळखणारे डिटेक्टर असतात, ते फक्त सांगतात, थांबवत नाहीत, आणि ते काम तुमच्या हबमध्ये बहुतेक आधीच आहे. ते पैसे वायरवाल्या सायरनला द्या, ज्याची स्वतःची बॅटरी असते आणि वायर कापली तरी जो वाजतो.

अजून एक, याच वाचकांनी विचारलंय की कंपनीचं स्टिकर दारावर लावू का. सिस्टीम आहे असं सांगणारी साधी पाटी लावा, मॉडेलचं नाव असलेलं स्टिकर नको. मॉडेल कळलं की फ्रिक्वेन्सी कळते.

प्रश्न : गाडी रिमोटने लॉक केली, परत आलो तर उघडी आणि आतली बॅग गायब. काच फोडलेली नाही. हे पण जॅमरच का?

उत्तर : असू शकतं. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुणीतरी त्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट केला की गाडीपर्यंत लॉकचा सिग्नल पोचत नाही आणि आपण सवयीने मागे न बघता चालायला लागतो. उपाय अगदी साधा आहे, इंडिकेटर लुकलुकले का बघा आणि दाराचं हँडल एकदा ओढून बघा, प्रत्येक वेळी. लॉक होत नसेल तर गाडी तिथे सोडून जाऊ नका, किल्लीने लॉक करा किंवा दुसरीकडे लावा.

फाटकाच्या आणि गॅरेजच्या रिमोटबद्दलही हेच. नवीन रिमोट दरवेळी वेगळा कोड पाठवतात, पण २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने दाखवलं होतं की रिमोटचा सिग्नल दाबून त्याच वेळी तो रेकॉर्डही करता येतो, आपण वैतागून दुसऱ्यांदा दाबतो, तोही रेकॉर्ड होतो, पहिला कोड पुढे सोडला जातो, दार उघडतं आणि दुसरा न वापरलेला कोड चोराकडे शिल्लक राहतो. त्यामुळे बटण सारखं दोनदा-तीनदा दाबायला लागत असेल आणि रिमोटची बॅटरी चांगली असेल तर दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : आई एकटी राहते, वय ७४. मी दुसऱ्या देशात. तिच्या घरी सगळं वायरलेस लावून दिलंय, गळ्यात पॅनिक बटण पण आहे. परवा मध्यरात्री माझ्या फोनवर ‘सिग्नल इंटरफेरन्स’ असा अलर्ट आला आणि मला काय करावं सुचेना. तिने अशा वेळी काय करायचं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी सगळ्यात आधी पॅनिक बटणाचा विचार केला. तेही वायरलेसच आहे. गोंगाटात सेन्सरचा सिग्नल दाबला गेला तर बटणाचाही दाबला जाईल, कारण ते बहुतेक त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याच हबशी बोलतं. म्हणून आईंच्या पलंगाशेजारी, हात पोचेल तिथे, वायरने जोडलेला एक स्विच आणि त्यावर वाजणारा मोठा सायरन बसवून घ्या, कुठलंही ॲप नाही, कुठलाही सिग्नल नाही, दाबला की वाजतो. हे काम साध्या इलेक्ट्रिशियनला जमतं आणि बॅटरी बॅकअप मात्र मागून घ्या.

आईंना सांगायचं एवढंच की अलर्ट आला किंवा हब वाजला तर बघायला बाहेर जायचं नाही, दार उघडायचं नाही, आतली बाहेरची सगळी लाईट लावायची आणि फोन लावून बघायचा. मोबाईलला एरवी रेंज असते आणि नेमकी तेव्हाच नाही, वायफायही नाही, असं असेल तर ते गंभीर धरायचं आणि स्विच दाबायचा. फोन लागत असेल तर आधी शेजाऱ्यांना, मग तुम्हाला. तुम्ही लांब आहात, तुमच्याशी बोलण्यात तिथली मिनिटं जायला नकोत. आवाज आला की कुणी उठून यायचं हे शेजारच्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवा, आईंच्या समोर, म्हणजे त्यांनाही हक्काने स्विच दाबता येईल आणि खोटा अलार्म निघाला तर संकोच वाटणार नाही.

परवाचा अलर्ट कदाचित शेजारच्या एखाद्या नव्या उपकरणाचा असेल. ॲपच्या लॉगमध्ये त्याची वेळ आणि तो किती मिनिटं टिकला ते बघा, गोंगाटाची पातळी दिसत असेल तर तीही लिहून घ्या. परत त्याच वेळेला आला तर कुठलंतरी यंत्र असण्याची शक्यता जास्त, वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या वेळी आणि दोन-चार मिनिटांपुरता येत असेल तर पोलिसांकडे लेखी द्या आणि लॉगचे स्क्रीनशॉट सोबत जोडा. सायरनचा स्विच मात्र लॉग बघत बसण्याआधी, याच आठवड्यात लावून घ्या आणि आईंच्या हातून एकदा दाबून बघा, कधीकधी बटण एवढं कडक असतं की त्या वयाच्या बोटांना दाबत नाही.